जुन्या धाटणीच्या संगणक-कॅबिनेटचे आकर्षण नेमके कशात आहे?

कॅबिनेट८६

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घराच्या माळ्यावरून एक जुने कॅबिनेट खाली उतरले. वडिलांनी १९९३ साली हिशेबाच्या कामासाठी लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेल्या ४८६ (म्हणजे इंटेलच्या त्या काळच्या प्रोसेसरच्या) संगणकाचे ते कॅबिनेट आहे. आतला मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य सर्किट-बोर्ड, निकामी झाला होता, कारण त्यावरची पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून तिने तांब्याच्या रेषा खाऊन टाकल्या होत्या; पण बाहेरचा पत्रा, दर्शनी प्लास्टिक, बटणे आणि कुलूप जसेच्या तसे होते. अकरावीत शिकणारा माझा पुतण्या त्याच्यासमोर मांडी घालून बसला आणि एकेका भागावर बोट ठेवून विचारू लागला, ‘‘काका, हे कशासाठी?’’ पाऊण तास मी उत्तरे देत होतो. नंतर माझ्या लक्षात आले, की माझ्या टेबलावरच्या आजच्या संगणकाबद्दल त्याने असा एकही प्रश्न कधी विचारलेला नाही. या नव्या संगणकाच्या एका बाजूला काच आहे, पंख्यांमध्ये रंगीत दिवे आहेत, आणि समोर एक बटण व यूएसबीची दोन तोंडे आहेत. बाहेरून विचारण्यासारखे त्यावर काही नाहीच.

जुन्या कॅबिनेटविषयीच्या ओढीला आपण सहसा स्मरणरंजन म्हणतो आणि विषय तिथेच सोडतो. पण माझ्या पुतण्याला त्या काळाची कसली आठवण असणार? माझे मत असे झाले आहे, की त्या खोक्याच्या दर्शनी भागावरची जवळजवळ प्रत्येक गोष्ट आतल्या एखाद्या अवयवाशी जोडलेली होती आणि तो संबंध बोटाला कळत होता. आकर्षण त्याचे आहे.

टर्बोचे बटण घ्या. त्याचे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण वेग वाढवण्यापेक्षा तो कमी करण्यासाठीच त्याची गरज पडत असे. आयबीएमने आपला पहिला पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला. त्यातला ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालत असे, आणि त्या सुरुवातीच्या काळातले पुष्कळ खेळ प्रोसेसरची तीच गती गृहीत धरून वेळ मोजत. पुढे प्रोसेसर वेगवान झाले तेव्हा हे खेळ खेळता येणार नाहीत इतक्या जोरात पळू लागले. म्हणून बटण सोडून यंत्राला मागच्या पिढीच्या चालीने चालवायची सोय कॅबिनेटच्या तोंडावरच दिली गेली. आपण नव्या यंत्राला जुन्याशी जुळवून घ्यायला लावतो आहोत, हे ते बटण दाबणाऱ्याला कळत असे. आज हीच तडजोड सॉफ्टवेअरच्या पोटात होते आणि तिचा पत्ता कुणाला लागत नाही.

कुलूप १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीवर आले. त्या यंत्रात गोल नळीसारखी किल्ली फिरवली की कीबोर्ड बंद होत असे आणि झाकणही अडकत असे. पॉवरचा स्विच तर मला सर्वांत जवळचा वाटतो. या पीसी-एटीच्या धर्तीवर बनलेल्या, म्हणजे एटी पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये भिंतीतून आलेला २३० व्होल्टचा प्रवाह जाड केबलने थेट पुढच्या बटणापर्यंत येत असे, आणि ते दाबल्यावर ‘खट्’ असा आवाज होऊन प्रवाह खरोखर तुटत असे. विंडोज ९५ बंद केल्यावर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत ‘आता संगणक बंद करण्यास हरकत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येई, ती याचसाठी: शेवटचे काम माणसाच्या बोटाने करायचे होते. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा नवा आराखडा आणला आणि तेव्हापासून पुढचे बटण मदरबोर्डला केवळ निरोप देते. प्रवाह तोडायचा की नाही, आणि केव्हा, हे मदरबोर्ड ठरवतो.

हे झाले बाहेरचे. आतली गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. मागचे सहा स्क्रू काढले, की वरचे आणि दोन्ही बाजूंचे मिळून झालेले उलट्या ‘यू’च्या आकाराचे झाकण सरकून बाहेर येते आणि सगळे यंत्र एकदम उघडे पडते. आयबीएमने पहिल्या पीसीत जादा कार्डे बसवण्यासाठी पाच स्लॉट दिले, त्यांच्यात एक इंचाचे अंतर होते. १९८३ च्या एक्सटी या पुढच्या पीसीमध्ये ते अंतर ०.८ इंच करून आठ स्लॉट बसवले गेले. ते ०.८ इंच आजही तसेच आहे. मी या जुन्या कॅबिनेटच्या मागच्या खाचांवर आजचे ग्राफिक्स कार्ड धरून पाहिले, तेव्हा त्याची दोन स्लॉटची पट्टी त्या खाचांवर तंतोतंत बसली. चाळीसहून अधिक वर्षांत सगळे बदलले, पण त्या पत्र्यातले हे अंतर बदलले नाही.

या बाबतीत ॲपलचा १९८४ चा मॅकिंटॉश अगदी दुसऱ्या टोकाचा आहे. तो दिसायला या सर्वांहून देखणा होता, त्याच्या साच्यात आतल्या बाजूला तो घडवणाऱ्या चमूच्या सह्या कोरलेल्या होत्या. पण तो उघडायला लांब दांड्याचा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा) पेचकस लागे आणि आत एकही स्लॉट नव्हता. सह्या होत्या, पण त्या मालकाने पाहाव्यात अशी रचना नव्हती. मला तो आवडतो, तरी त्याची ओढ वाटत नाही.

रंगाविषयी थोडे. तो बिस्किटी रंग केवळ स्वस्त म्हणून आला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जर्मनीत कार्यालयीन कामाच्या जागेसाठी जी मानके येऊ लागली, त्यांनी डोळ्यांवर ताण येऊ नये म्हणून फिकट रंगाच्या उपकरणांचा आग्रह धरला, आणि ज्यांना ती बाजारपेठ हवी होती त्यांनी तो रंग सगळीकडेच वापरला. १९७७ चा ॲपल टू त्याआधीच बदामी रंगात आला होता. ऑगस्ट १९९८ मध्ये निळा पारदर्शक आयमॅक विक्रीला आला आणि बिस्किटी रंग एका फटक्यात जुनाट ठरला. पुढच्या काही वर्षांत आपल्याकडचे कॅबिनेटही काळे झाले. माझ्या मते पुण्या-मुंबईच्या धुळीला बिस्किटी रंगच योग्य होता. काळ्या काचेवर दोन दिवसांत जो थर दिसतो, तो त्यावर दोन आठवडे दिसत नसे.

आता प्रश्न असा, की ही धाटणी नव्याने बनवली तर ती टिकते का? कॅबिनेट बनवणाऱ्या तैवानच्या सिल्व्हरस्टोन कंपनीने १ एप्रिल २०२३ रोजी गंमत म्हणून एका आडव्या, जुन्या वळणाच्या कॅबिनेटचे चित्र प्रसिद्ध केले होते. लोकांनी ते इतके मनावर घेतले, की पुढे ‘एफएलपी०१’ या नावाने ते खरोखर बनवले गेले. त्यावर ५.२५ इंची फ्लॉपी ड्राइव्हसारखी दिसणारी झाकणे आहेत. फ्लॉपी अर्थातच नाही. त्यानंतर आलेला ‘एफएलपी०२’ हा उभा टॉवर आहे आणि त्यावर टर्बोचे बटण, कुलूप आणि आकडे दाखवणारी पट्टी हे सगळे आहे. फरक असा, की त्यातले टर्बोचे बटण पंखे पूर्ण वेगाने चालवते, आकडे पंख्यांचा वेग दाखवतात आणि कुलूप लावले की पॉवरचे बटण चालत नाही. मला पहिल्यापेक्षा दुसरा अधिक प्रामाणिक वाटतो. आपणांपैकी ज्यांनी जुनी कॅबिनेटे जपली आहेत, त्यांत नवे भाग बसवले आहेत किंवा नवी रेट्रो कॅबिनेटे वापरली आहेत, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

पत्राकाम

लेख आवडला. मी १९९० च्या दशकातल्या एका मिनी टॉवरमध्ये, म्हणजे बेबी-एटी या एटीच्या छोट्या आकाराच्या मदरबोर्डच्या कॅबिनेटमध्ये, आजचा संगणक बसवला आहे आणि तो गेली तीन वर्षे रोज वापरतो. हे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी अडचणी जरा सविस्तर लिहितो, कारण छायाचित्रे पाहून ते सोपे वाटते आणि अर्धवट कापलेला पत्रा मग पुन्हा जोडता येत नाही.

पहिली अडचण मागच्या बाजूची आहे. बेबी-एटी कॅबिनेटच्या मागे मदरबोर्डसाठी कीबोर्डच्या गोल पिनपुरते एकच भोक असते. एटीएक्स मदरबोर्डच्या जोडण्यांसाठी १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटरची चौकट लागते, आणि ती कापल्याशिवाय इलाज नाही. मी आधी जाड पुठ्ठ्याचा साचा करून मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड (हा आजचा छोटा चौरस बोर्ड, त्याची बाजू १७० मिलिमीटर असते) आत धरून पाहिला, रेघा मारल्या आणि मगच ग्राइंडर लावला. कापताना उडणारा लोखंडी कीस आत राहिला तर मदरबोर्ड जळू शकतो, म्हणून कापण्यापूर्वी सगळे भाग बाहेर काढावेत आणि नंतर कॅबिनेट चक्क पाण्याने धुऊन उन्हात वाळवावे. कडा कानसीने मारून गुळगुळीत करायला विसरू नये.

पॉवर सप्लायच्या बाबतीत मात्र नशीब साथ देते. त्या काळाच्या शेवटच्या टप्प्यातील मिनी टॉवरमध्ये जो आटोपशीर एसएमपीएस (म्हणजे पॉवर सप्लायचा डबा) बसत असे, त्याचेच १५० बाय १४० बाय ८६ मिलिमीटर हे माप एटीएक्सने पुढे चालवले, त्यामुळे आजचा साधा एसएमपीएस त्याच चार भोकांत बसतो. पुढचे दाबून राहणारे बटण नव्या मदरबोर्डला चालत नाही, तिथे दाबून सुटणारे लागते. मी जुन्या बटणाच्या आतली अडकणारी बारीक तार काढून टाकली. आता ते दाबले की परत वर येते. त्या बटणाला पूर्वी २३० व्होल्ट येत होते हे लक्षात ठेवून जुनी केबल पूर्णपणे काढून टाकावी. ती लोंबकळत ठेवून कुणी चुकून जोडली, तर जीव जाऊ शकतो.

खरी लढाई हवेशी आहे. त्या कॅबिनेटमध्ये हवा खेचणारा पंखा म्हणजे एसएमपीएसमधला ८० मिलिमीटरचा एकच पंखा. पुढच्या प्लास्टिकमध्ये हवा यायला वाट जवळजवळ नसतेच, कारण ४८६ ला तेवढी गरज नव्हती. मी ६५ वॅटचा प्रोसेसर घेतला, ग्राफिक्स कार्ड घेतलेच नाही, आणि हार्ड डिस्कचा पिंजरा काढून त्या जागी पंखा बसवला. ज्यांना तीनशे मिलिमीटर लांबीचे ग्राफिक्स कार्ड बसवायचे आहे, त्यांनी जुने कॅबिनेट कापण्यापेक्षा आपण उल्लेख केलेल्या नव्या रेट्रो टॉवरकडे वळावे, हे मी मनापासून सांगतो. एक चांगले जुने कॅबिनेट वाया जाण्यापेक्षा ते बरे.

साडेतीन_इंची

मी १९९१ पासून बारा वर्षे हार्डवेअर दुरुस्तीचे काम केले आहे, त्यामुळे लेखातल्या एका मुद्द्याशी मी सहमत होऊ शकत नाही. दर्शनी भागावरची प्रत्येक गोष्ट आतल्या अवयवाशी जोडलेली होती असे आपण म्हणता. पण टर्बोच्या बटणाशेजारी प्रोसेसरची गती मेगाहर्ट्झमध्ये दाखवणाऱ्या त्या हिरव्या आकड्यांचे काय? ते आकडे काहीही मोजत नव्हते. पट्टीच्या मागच्या बाजूला बारीक जंपर, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या टोप्या असत, आणि टर्बो चालू असताना कोणते रेघोटे पेटावेत व बंद असताना कोणते, हे जोडणारा कारागीर हाताने ठरवत असे. मी स्वतः शेकडो पट्ट्यांवर ‘६६’ आणि ‘३३’ लावले आहेत. एखाद्या ग्राहकाने ३३ चा संगणक घेतला आणि कारागिराने ६६ लावून दिले, तर त्या पट्टीला काही फरक पडत नसे. तेव्हा नव्या कॅबिनेटवरच्या फ्लॉपीच्या खोट्या झाकणाला दोष देताना जुन्या काळालाही तोच निकष लावावा.

दुसरे असे, की त्या पत्र्यांच्या कडा दुमडलेल्या नसत. स्वस्त कॅबिनेटमध्ये फ्लॉपीची केबल ओढताना बोट कापले नाही असा आठवडा जात नसे. माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्यावर अजून दोन व्रण आहेत. आजच्या मध्यम किमतीच्या कॅबिनेटमध्ये कडा दुमडलेल्या असतात, केबल मागून नेता येतात, धुळीची जाळी काढून धुता येते. माझ्यासारख्या ज्यांनी रोज दहा-दहा कॅबिनेटे उघडली, त्यांच्या दृष्टीने ही प्रगती फार मोठी आहे.

इतके असूनही माझ्या घरी एक जुने आडवे कॅबिनेट आहे आणि ते मी विकणार नाही. त्यावर चौदा इंची मॉनिटर ठेवला तरी पत्रा वाकत नसे, आणि टेबलाची जागाही वाचे. मॉनिटर डोळ्यांच्या उंचीवर येत असे, म्हणून मानही दुखत नसे. आज लोक मॉनिटरखाली लाकडी घडवंची विकत घेऊन ठेवतात, तेव्हा मला ते कॅबिनेट आठवते.

कॅबिनेट८६

@साडेतीन_इंची, आपली हरकत रास्त आहे आणि मी माझे विधान दुरुस्त करतो. ते आकडे मोजमाप नव्हते. तरीही बटण दाबल्यावर आकडा बदलत असे, म्हणजे यंत्र दोनपैकी कोणत्या स्थितीत आहे एवढे ते खरे सांगत; आकड्याची किंमत मात्र जोडणाऱ्याच्या सचोटीवर होती. आमच्या कॅबिनेटची पट्टी उलटून पाहिली. त्यावर जंपर ‘६६’ साठीच लावलेले आहेत, आणि वडिलांच्या बिलावर डीएक्स२-६६, म्हणजे ६६ मेगाहर्ट्झचा ४८६, असे लिहिलेले आहे. हे पाहून समाधान वाटले.

@पत्राकाम, आपल्या प्रतिसादानंतर ग्राइंडर लावण्याचा माझा विचार मी थांबवला आहे.

टोकियोकर

मी गेली नऊ वर्षे टोकियोतल्या निशिकासाईला राहतो. इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत एनईसी या जपानी कंपनीच्या पीसी-९८०१ या संगणक-मालिकेची आडवी कॅबिनेटे अजून पाहायला मिळतात. सिल्व्हरस्टोनच्या आडव्या कॅबिनेटमध्ये मला आयबीएमपेक्षा याच मालिकेची छाया अधिक दिसते: रुंद, बसके अंग, पुढे एकाखाली एक दोन फ्लॉपीची तोंडे आणि फिकट राखाडीकडे झुकणारा रंग.

पीसी-९८०१ ऑक्टोबर १९८२ मध्ये आला आणि दहा वर्षे जपानमध्ये त्याचेच राज्य होते. त्याचे कारण लिपी. जपानी लेखनातली हजारो कांजी (चिनी वळणाची) अक्षरे त्या काळच्या प्रोसेसरने प्रत्येक वेळी रेखाटणे परवडणारे नव्हते, म्हणून अक्षरांचे आकार वेगळ्या रॉममध्ये (कायम स्मृतीच्या चिपमध्ये) साठवून ते हार्डवेअरच्या जोरावर ६४० बाय ४०० च्या पडद्यावर दाखवले जात. अमेरिकेतला पीसी आणून तेच काम करता येत नसे. १९९० मध्ये आयबीएमचे डॉस/व्ही हे डॉसचे जपानी रूप आले, त्याने साध्या पीसीवर केवळ सॉफ्टवेअरने कांजी दाखवली, आणि तेव्हापासून या मालिकेची पकड सुटत गेली. त्यामुळे इथल्या पन्नाशीतल्या माणसाला ते कॅबिनेट पाहिले की जे आठवते, ते अमेरिकन माणसाच्या आठवणीहून वेगळे असते. माझ्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी त्या फ्लॉपीच्या तोंडांवरून हात फिरवून म्हणाले, की आपल्या भाषेत पडद्यावर लिहिलेले पहिले पत्र मी यावर लिहिले. रेट्रो कॅबिनेटची चर्चा इंग्रजीत वाचताना ही बाजू कुठेच भेटत नाही.

शाईपेन

@टोकियोकर यांचा प्रतिसाद वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. आपल्याकडेही लिपीचा प्रश्न असाच होता, फक्त तो वेगळ्या कॅबिनेटने सुटला नाही. कॅबिनेटमधल्या रिकाम्या स्लॉटने सुटला.

आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान अनेकांना ठाऊक असेल. त्याचे कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवले, की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसवरच्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी अक्षरे उमटू लागत. मी तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी एका छपाईच्या कामात होतो. आमच्या संगणकात ते कार्ड बसवायला पुण्याहून माणूस आला होता. त्याने झाकण काढले, मागची एक कोरी पट्टी स्क्रू सोडवून बाजूला ठेवली, कार्ड दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवले आणि संगणक चालू केला. पडद्यावर पहिल्यांदा जोडाक्षरांसह मराठी ओळ आली, तेव्हा खोलीतली सगळी माणसे कामे सोडून मागे येऊन उभी राहिली होती. ती काढलेली कोरी पट्टी मी टेबलाच्या खणात ठेवून दिली, आणि ती आजही माझ्याजवळ आहे.

तेव्हा माझ्यासाठी त्या बिस्किटी खोक्याचे आकर्षण रंगात किंवा बटणांत नाही. ते यंत्र ज्यांनी बनवले, त्यांच्या मनात मराठी नव्हती. पण त्यांनी स्लॉट रिकामे ठेवले होते, त्यांची माहिती छापून प्रसिद्ध केली होती आणि झाकण स्क्रूने बंद केले होते, डिंकाने चिकटवले नव्हते. म्हणून आपल्याला आपली भाषा त्यात आपल्या हाताने बसवता आली. मॅकिंटॉशविषयी आपण जे लिहिले आहे ते मला याच कारणाने पटले.

रसायनशाळा

कुणीतरी पिवळेपणाचा विषय काढेल म्हणून थांबलो होतो. जुन्या कॅबिनेटचे दर्शनी प्लास्टिक बहुधा एबीएस या प्रकारचे असते. त्यातला ब्युटाडाईन हा रबरी घटक हवा, उष्णता आणि अतिनील किरणांनी ऑक्सिडीकृत होतो, आणि आग लागू नये म्हणून मिसळलेली ब्रोमीनयुक्त द्रव्येही रंग बदलण्यास हातभार लावतात. एकाच कॅबिनेटवर फ्लॉपीच्या पट्टीचा रंग वेगळा आणि बाकीच्या तोंडाचा वेगळा दिसतो, तो दोन ठिकाणचे प्लास्टिक वेगळे असल्यामुळे. पत्र्यावरचा रंग मात्र सहसा मूळचाच राहतो, त्यामुळे मूळ छटा कोणती होती हे पाहायचे असेल तर झाकणाच्या आतली कड पाहावी.

हा पिवळेपणा घालवण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश वापरण्याची ‘रेट्रोब्राइट’ नावाची पद्धत २००८ च्या सुमारास जुन्या संगणकांच्या हौशी लोकांनी प्रचारात आणली. आपल्याकडे त्यासाठी वेगळे रसायन शोधावे लागत नाही. केस रंगवण्याच्या सामानाच्या दुकानात ‘४० व्हॉल्यूम’चे डेव्हलपर क्रीम मिळते, त्यात सुमारे १२ टक्के पेरॉक्साइड असते. दर्शनी प्लास्टिक पत्र्यापासून सोडवावे, दिवे, बटणे, स्टिकर सगळे काढावे, साबणाने धुवावे, क्रीम सारखे पसरून वर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळावे आणि एप्रिल-मेच्या उन्हात ठेवावे. दर अर्ध्या तासाने क्रीम पुन्हा सारखे करणे आणि तुकडा फिरवणे फार आवश्यक आहे, कारण कुठे ते वाळले तर तिथे पांढरे पट्टे पडतात आणि ते परत जात नाहीत. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हे करू नये. १२ टक्के पेरॉक्साइडने कातडी भाजते.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. हा उजळपणा कायमचा नसतो. काही तुकडे बंद कपाटातही काही वर्षांनी पुन्हा पिवळे होतात. आणि प्लास्टिकचा ठिसूळपणा याने जात नाही. दर्शनी पट्टी ज्या खाचांनी अडकलेली असते, त्या तीस वर्षांनी सहज तुटतात. माझ्या दोन तुटल्या. आता मी पट्टी काढण्यापूर्वी केस वाळवण्याच्या यंत्राने ती जागा थोडी कोमट करतो आणि मगच हळू दाबतो. ज्यांना वरीलपैकी काहीच करायचे नसेल त्यांनी पिवळेपणा तसाच ठेवला तरी चालेल. मला स्वतःला सारखा पसरलेला पिवळा रंग वाईट दिसत नाही, पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो.

रत्नांग्री

कोकणातून एक छोटी भर घालतो. इथे पिवळेपणापेक्षा गंज हा मोठा शत्रू आहे. आमच्याकडे दोन जुनी कॅबिनेटे होती. गच्चीवरच्या खोलीत ठेवलेल्या कॅबिनेटच्या मागच्या स्लॉटच्या पट्ट्या चार पावसाळ्यांत गंजून स्क्रूंसकट एकजीव झाल्या. दुसरे वापरात होते, रोज दोन तास चालू असे, ते जवळजवळ स्वच्छ राहिले. आतल्या उबेने ओल धरली नसावी असे मला वाटते. ज्यांना कॅबिनेट केवळ जपून ठेवायचे आहे त्यांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नये, आत ओल कोंडते. मी कापडी आवरण घालतो, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि स्क्रूंना शिवणयंत्राचे तेल लावतो.

डोंबिवली_फास्ट_लोकल

सर्व प्रतिसाद संग्रही ठेवण्यासारखे आहेत. माझ्याकडे कुलूप असलेले एक एटी टॉवर आहे, भंगारात जाताना मी ते थांबवले. त्यात मला आजचा मदरबोर्ड बसवायचा आहे, पत्राकाम यांनी सांगितल्याप्रमाणे मागची चौकट कापण्याची तयारी आहे. पण कुलूप शोभेपुरते राहू नये असे वाटते. नव्या मदरबोर्डवर कीबोर्ड बंद करण्याच्या पिना नाहीत. मग या कुलपाला काही काम देता येईल का? किल्ली माझ्याकडे आहे.

कॅबिनेट८६

देता येईल. कुलपाच्या दोन तारा पॉवरच्या बटणाच्या तारेत मालिकेत जोडल्या, म्हणजे बटणाची एक तार कुलपातून फिरवून मदरबोर्डकडे नेली, की कुलपातला संपर्क जुळलेला असेल तेव्हाच बटण चालेल. ही जोडणी पाच व्होल्टच्या आतली आहे, त्यामुळे २३० व्होल्टसारखा धोका नाही.

एक अडचण मात्र आधी तपासावी. जुन्या मदरबोर्डवर कीबोर्ड बंद करण्यासाठी कुलपाची पिन ग्राउंडला जोडावी लागे. म्हणजे बहुतेक कुलपांत ‘बंद’ स्थितीत संपर्क जुळतो आणि ‘उघड्या’ स्थितीत तुटतो. ते तसेच मालिकेत जोडले, तर कुलूप लावल्यावर संगणक सुरू होईल आणि उघडल्यावर होणार नाही. काही कुलपांना मागे तीन पाय असतात, तिथे तिसरा पाय वापरला की हा उलटेपणा जातो. दोनच पाय असतील, तर माझ्या पुतण्याने सुचवलेला उपाय मला बरा वाटला: कुलपाची मागची चकती काढून संपर्काचा स्विच वेगळा करावा आणि त्याच जागी उलट स्वभावाचा, म्हणजे दाबल्यावर तुटणारा, छोटा मायक्रोस्विच बसवावा. आमच्या कॅबिनेटवर तो हेच करतो आहे.

आपण मल्टिमीटर लावून किल्लीच्या कोणत्या स्थितीत संपर्क जुळतो आणि मागे किती पाय आहेत एवढे इथे लिहावे. त्याप्रमाणे जोडणीची आकृती काढून देतो.